डेल्मरचं पाकीट

डेल्मर टॅकेट चर्चमध्ये कायम तिरका बसायचा. मागच्या खिशातलं पाकीट इतकं फुगलेलं, की एक कुल्ला वरच राहायचा. "अरे, माणसासारखा सरळ बस की!" मी मागच्या बाकावरून डिवचायची. तो म्हणायचा, "बर्नीस, यात माझं जहाज आहे."

जन्मभर ओहायोत लोकांची छपरं दुरुस्त केली आणि म्हातारपणी बायकोला, लोरीनला घेऊन तो फ्लोरिडात आमच्या ट्रेलर पार्कात, चाकांवरच्या घरांच्या वस्तीत, राहायला आला. समोरच्या खाडीतून क्रूझची जहाजं सुटतात. संध्याकाळी आम्ही खुर्च्या टाकून बसायचो आणि लोरीन डेकवरच्या लोकांना हात हलवायची, जणू सगळे तिच्या माहेरचेच. ते बघूनच तिला जहाजातून फिरवायचं त्यानं मनावर घेतलं असणार.

दर शुक्रवारी किराण्यासोबत तो एक गिफ्ट कार्ड घ्यायचा, आधीच पैसे भरलेलं, कुठेही चालणारं. का, तर कार्ड घेतलं की दुकान पेट्रोलवर सूट देतं. असा चिक्कू. पण हॉटेलात बिल आलं की लोरीनचा हात पर्सपर्यंत पोचू द्यायचा नाही. थेंबे थेंबे तळे साचलं आणि दोघांच्या सफरीचं डिपॉझिट त्यानं त्या कार्डांमधूनच भरलं.

"आता ती रिकामी कार्डं फेक," मी म्हटलं.

"जहाजावरून परत येईपर्यंत नाही."

मी पुढे विचारलं नाही. चिक्कू माणसाला रिकामा डबासुद्धा टाकवत नाही, एवढीच माझी समजूत.

सफरीच्या आधीच, गाडी धुता धुता तो खाली कोसळला तो उठलाच नाही. शवपेटी बंद करण्याआधी लोरीननं पाकिटातल्या नोटा आणि लायसन्स काढून घेतलं, आणि पाकीट त्याच्या सुटाच्या खिशात सरकवलं. "पत्रपेटीपर्यंतसुद्धा पाकिटाशिवाय जायचा नाही गं तो. कार्डं रिकामीच आहेत, राहू देत."

अंत्यविधीनं शिल्लक धुऊन नेली. थडग्यावर दगड नाही, नुसती पत्र्याची पाटी, आणि तिच्यातला नावाचा कागद उन्हानं पांढरा पडत चाललेला. लोरीनला दुसरं काही नको होतं. "माझ्या डेल्मरचं नाव असं पुसून जाणार का गं?" एवढंच घोकत रडायची. शेवटी तिनं सफर रद्द केली. डिपॉझिट पुरं परत मिळेल, कंपनी म्हणाली. लोरीननं करडा दगड पसंतही करून ठेवला.

पैसे काही बँकेत येईनात. मग माझ्या स्वयंपाकघरातून आम्ही कंपनीला स्पीकरवर फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाचा पोरगा होता.

"पैसे केव्हाच परत केलेत, मॅडम. ज्या गिफ्ट कार्डांवरून भरले, त्यांच्यावरच. कार्डं आहेत ना जवळ?"

लोरीन माझ्याकडे बघत राहिली.

"आणि कार्डं नसली तर? नंबर तरी सांग," मी मध्येच म्हटलं.

"पुरे नंबर आमच्याकडे नसतात. दुकानाच्या पावत्या असतील ना?"

"पावत्या कोण ठेवतं रे!"

"मग कार्डं कोणाकडे आहेत?"

"माझ्या नवऱ्याकडे," लोरीन म्हणाली.

"मग काहीच अडचण नाही! त्यांनाच द्या ना फोन."

लोरीननं फोन हळूच खाली ठेवला. मग म्हणाली, "जन्मभर मला कधी बिल भरू दिलं नाही गं त्यानं. आता दगडाचंही नाही."