बारदाना वजा

वीस वर्षं मी राईस मिलच्या काट्यावर काढली. पोतं काट्यावर चढलं की आकडा बघायचा, त्यातून बारदान्याचं, म्हणजे रिकाम्या पोत्याचं, एक किलो वजा करायचं आणि उरलेला आकडा मोठ्यानं ओरडायचा. रिकामं पोतं कधीच एक किलोचं नसतं. हे मला माहीत होतं, धान विकायला आलेल्या शेतकऱ्याला माहीत होतं आणि मालकाला तर होतंच. पण आकड्याचं तोंड माझ्याकडे आणि शेतकरी काट्याच्या पलीकडे, त्यामुळे भांडण फार लांबत नसे. मला त्या एका किलोची लाज वाटायची. नोकरी सुटल्यावर ती लाज मी जिममध्ये भरून काढायला गेलो, आणि तिथे उलट्या बाजूनं तीच चूक केली.

जिम म्हणजे आसगावच्या रस्त्यावरचं धानाचं जुनं टिनाचं गोदाम. भिंतींना चुना मारला, आरसे लावले, जुनी यंत्रं आणून तेलपाणी केलं. बायको म्हणाली, "दिवसभर चिखलात राबलेली माणसं इथे लोखंड उचलायला कायले येतील?" आली की! मास्तर आले, दुकानदार आले, पोलीस भरतीची पोरं आली, ट्रॅक्टर घेतल्यापासून पोट सुटलेले शेतकरीही आले. दिवाळी झाली, धान घरात आलं, की आमच्याकडे सगळ्यांनाच अंगात नवं रक्त सळसळल्यासारखं वाटतं. संक्रांतीपर्यंत ते टिकतं. मग एकेक जण गळतो. रस्त्यात दिसला तर मान फिरवून निघून जातो, जणू मी त्याचा सासरा आहे.

म्हणून मी मापं घ्यायला सुरुवात केली. दर महिन्याच्या एक तारखेला प्रत्येकाचं वजन, कंबर, छाती, दंड. प्रत्येकाला एक गुलाबी पुठ्ठ्याचं कार्ड. मिलमधला निवृत्त झालेला काटाच मी आणला होता, तो कोपऱ्यात मांडला. आणि खरंच फरक पडला. सव्वीस तारखेला आळस करणारा माणूस अठ्ठावीस तारखेला हजर व्हायचा, कारण एक तारीख डोक्यावर आली. शाळेच्या परीक्षेसारखं. मला स्वतःच्या अकलेचं फार कौतुक वाटलं.

पण ज्याचा आकडा हलला नाही, तो दोन तारखेपासून गायब. हे मला सहन होईना. मग एकदा एका मास्तरांचं वजन तेवढंच भरलं आणि त्यांचा चेहरा पडला, तेव्हा मी म्हणालो, "सर, कपड्यांचं वजा केलं नाही अजून." आणि अर्धा किलो कमी लिहिला. सर हसले, दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं आधी आले. पुढच्या महिन्यात सगळेच म्हणू लागले, आमचाही बारदाना वजा करा. अर्ध्याचा एक किलो झाला. मिलमध्ये बारदान्याच्या नावानं लोकांचं घेत होतो, इथे देत होतो. यात पाप कसलं, असं मी स्वतःला समजावलं. काट्याच्या आकड्याचं तोंड इथेही माझ्याकडेच होतं.

सकाळी दहा ते अकरा ही बायकांची वेळ. त्या वेळेला फेब्रुवारीत एक ताई आली. पन्नाशीची, उंच, भारदस्त. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात तिचं गाव गेलं, आता आमच्या बाजूच्या नव्या गावठाणात घर. नवरा वारलेला, घरी एकटीच. रोवण्याच्या दिवसांत, म्हणजे धानाची रोपं बांधीत, बांध घातलेल्या शेतात, लावायच्या वेळी, बारा बायांची टोळी घेऊन ती गावोगाव जायची. वर्षाची मुख्य कमाई तीच. मागच्या हंगामात तिचे गुडघे मध्येच बसले आणि तिला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून बाकीच्यांना बघत राहावं लागलं.

दाराशी चप्पल काढता काढता ती बोलली, "भंडाऱ्याचा डॉक्टर म्हणते, सात किलो कमी कर, नाई तर गुडघा चिरा लागंल. मले चिरायचं नाई, भाऊ. चिरलं त मी घरी पडून राहीन, अन् टोळी दुसरीच्या मांगं जाईल. एकदा गेली का ते परत येत नाई. मले यंदा रोवण्यात उतरायचं हाय."

"उतराल, ताई," मी म्हणालो. "मी आहे ना."

त्र्याऐंशी किलोवर तिचं कार्ड सुरू झालं. सायकल, खुर्चीवरून उठबस, हातांचे व्यायाम. माझी बायको तिच्याबरोबर उभी राहायची. मार्चच्या एक तारखेला काट्यानं दाखवलं ब्याऐंशी किलो दोनशे. महिनाभराच्या घामाला आठशे ग्रॅम! तिनं विचारलं, "किती जी?" मी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि माझ्या तोंडून एक्याऐंशी निघालं. तिचे डोळे चमकले. तो आनंद पाहून मलाच बरं वाटलं, हे कबूल करतो. एप्रिलमध्ये मागचा खोटा आकडा सांभाळायचा म्हणून आणखी थोडं खाली लिहावं लागलं. मेच्या सुरुवातीला काटा ऐंशी म्हणत होता आणि कार्ड साडेसत्याहत्तर.

आणि कार्डावर इतकं भराभर उतरलेलं बघून ताई निवांत झाली होती. दोन वेळचा भात परत सुरू झाला होता, सायकलवरची वीस मिनिटं बारावर आली होती. बायकोनं मला सांगितलं, तर मी म्हणालो, जाऊ दे, माणसाला थोडं खुश राहू द्यावं.

मेच्या मध्यात ती डॉक्टरांकडे गेली. परत आली ती थेट जिमवर, भर दुपारी. बाहेर ऊन असं की टिनाला हात लावला तर सोलून निघेल. पदरानं घाम पुसत तिनं कार्ड माझ्यासमोर टेबलावर ठेवलं.

"तिथचा काटा ऐंशी सांगून राहिला, भाऊ. डॉक्टर मले म्हणते, साडेतीन महिन्यात तीनच किलो? मग तुमच्यानं होत नाई, तारीख घ्या चिरायची. म्या कार्ड दाखवलं. तं तो हसला."

मी म्हणालो, "काटे वेगवेगळे असतात."

ती माझ्याकडे बघत राहिली. बायको आतल्या दारात उभी होती, तीही माझ्याकडेच बघत होती. त्या क्षणी खरं बोलून टाकायला हवं होतं. मी पंखा वाढवला. डॉक्टरांनी शेवटची मुदत म्हणून जूनअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलंय, एवढं सांगून ती उठली. टेबलाचा आधार घेऊन उठली.

मला वाटलं, गेली ती आता येत नाही. दुसऱ्या दिवशी दहा वाजता ती दारात. हातात किराणा दुकानाची कापडी पिशवी, खांदा एका बाजूला ओढलेला. पिशवीतून तिनं लोखंडी वजन काढलं, पाच किलोचं, सरकारी छापाचं, गावठाणातल्या दुकानातून मागून आणलेलं. कोणाला काही न विचारता ते काट्यावर ठेवलं. मग काट्याचा खांब धरला आणि आकड्याचं तोंड गरकन सगळ्यांकडे फिरवलं.

पाच किलो बरोबर. काट्यात खोट नव्हती.

बाकीच्या चार बाया सायकलवर पाय थांबवून बसल्या होत्या. ताईचा आवाज चढला नाही. "धान मोजाले जातो तवा आमी पयले काटा पाहातो. माहा बाप पाहे, मीबी पाहातो. इथं आल्यावर पाहाले विसरलो. तुमी आपले म्हणून. माहीच चूक हाय."

शिव्या दिल्या असत्या तर मी उलट बोललो असतो. माझा स्वभाव तसा आहे. पण तिनं तर चूक स्वतःवरच घेतली. वीस वर्षं लोकांचा किलो कापताना वाटली नव्हती एवढी लाज त्या पाच बायांसमोर वाटली. मिलमध्ये मी मालकाचा माणूस होतो. इथला मालक मीच होतो.

त्या रात्री बायको माझ्याशी जेवढं बोलली तेवढं इथे लिहिण्यासारखं नाही. त्यातलं एक वाक्य सांगतो: "त्या बाईचा गुडघा चिरला तर तो डॉक्टरच्या हातानं नाही, तुमच्या हातानं चिरला असं मी म्हणेन."

जूनच्या एक तारखेला मी सगळ्यांना सांगितलं की जुन्या कार्डांवरचे आकडे खोटे आहेत, मी लिहिलेले आहेत, आजपासून नवी कार्डं. आधी छापाचं वजन ठेवून काटा तपासायचा, आकडा सगळ्यांना दिसेल, आणि वजा काहीही होणार नाही. गोंधळ माजला. एक दुकानदार कार्डावर आठ किलोनं हलका झाला होता आणि ते त्यानं सासुरवाडीपर्यंत सांगितलं होतं. तो मला नाही नाही ते बोलला आणि गेला. ज्या मास्तरांपासून हे सुरू झालं, तेही गेले. पंधरवड्यात निम्मं गोदाम रिकामं. मला राग आला, सगळ्यांचा आला, ताईचासुद्धा आला. पण आता मागे फिरायचं नाही, असं मी ठरवलं होतं. जे राहतील त्यांना खरं सांगायचं, आणि खरं सांगूनच टिकवायचं.

कसं टिकवायचं, ते बायकोनं शोधलं. ती म्हणाली, वजन एकटंच काय मोजता? ते हलत नाही तेव्हा दुसरं काहीतरी हलत असतं. मग कार्डावर नवे रकाने आले. हात न टेकता एका मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठता आलं. कालव्याच्या पुलापर्यंत चालत जाऊन यायला किती वेळ लागला. परत आल्यावर न थांबता बोलता येतं का. जूनच्या सुरुवातीला ताई मिनिटात सहा वेळा उठायची आणि सातव्याला दात चावायची. दुसऱ्या आठवड्यात वजन जागचं हललं नाही, पण उठणं नऊवर गेलं. तिनं ते स्वतःच्या हातानं लिहिलं, ठळक, पुठ्ठ्याला भोक पडेल इतकं दाबून. भात एका वेळेवर आला. सकाळची सायकल पंचवीस मिनिटं आणि संध्याकाळी पुलाची फेरी. बायको तिच्याबरोबर चालायची. दोघी कुणाची तरी निंदा करत वेगात यायच्या, मला वाटतं माझीच.

डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी शेवटचं माप. लागायचं होतं शहात्तर. पाच किलोचं वजन ठेवून काटा तपासला. ती चढली. आकडे थरथरले आणि थांबले: शहात्तर किलो सहाशे.

 माझ्या हातात पेन होतं आणि खरं सांगतो, तो हात शिवशिवला. सहाशे ग्रॅम म्हणजे काय, अंगावरचं लुगडं! ती आकड्याकडे बघत नव्हती, माझ्या पेनाकडे बघत होती. मी लिहिलं: ७६.६००. लिहून कार्ड तिच्या हातात दिलं. तिनं ते वाचलं, पिशवीत ठेवलं आणि म्हणाली, "चाला, पुलापर्यंत जाऊन येऊ."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी दारातच घुटमळत होतो. बसमधून उतरून ती चालत आली. डॉक्टरांच्या काट्यावरही शहात्तर किलो सहाशेच भरले होते. यावेळी त्यांनी कार्ड हातात घेतलं, खुर्चीवरून उठण्याचे आकडे पाहिले आणि तिला तिथेच उठून दाखवायला सांगितलं. ती चौदा वेळा उठली. डॉक्टर म्हणाले, सध्या चिरायचं नाही. रोवणा करायचा तर दुपारी बारापर्यंतच, आणि वजन असंच उतरत ठेवायचं. हे सगळं तिनं बायकोला सांगितलं. मला फक्त म्हणाली, "झालं, भाऊ."

रोवण्याच्या दिवसांत जिम ओस पडते. ऑगस्टच्या एक तारखेला ती मापाला आली नाही. मी अकरापर्यंत वाट पाहिली आणि मग चिडलो. एवढ्यात सोडलं? मोटारसायकल काढली आणि ती ज्या बांधीत रोवत होती तिथे गेलो, चार शब्द सुनवायचेच म्हणून.

बांधीत बारा बाया एका ओळीत वाकलेल्या आणि सगळ्यांच्या पुढे ती. चिखल पोटरीपर्यंत. हातातली रोपांची पेंडी सोडत, रोवत, एकेक पाऊल मागे घेत. मी धुऱ्यावर उभा राहिलो आणि सुनवायचं सगळं विसरलो. तिनं मान वर केली.

"बारा वाजाले वेळ हाय, भाऊ. मग येतोच म्या मापाले. काहून आले?"

मला जे मेमध्ये म्हणायला जमलं नव्हतं ते तोंडातून निघालं, बारा बायांसमोर, मोठ्यानं. "ताई, मी तुम्हाला खोटं सांगत होतो. माझं चुकलं."

बाया थांबल्या. तिनं कंबर सरळ केली, चिखलाचा हात झटकला.

"मले मालूम हाय जी," ती म्हणाली. "तुमी त्या दिवशी सहाशे ग्रॅम लिवले ना, तवाच फिटलं ते."

आणि ती पुन्हा वाकली. मला तिथेच रडू आलं. बाया हसल्या, मी हसू दिलं. बारा वाजेपर्यंत मी धुऱ्यावर बसून राहिलो, आणि बारा वाजता ती कोणाचा हात न धरता चिखलातून वर आली.