जाळीवरचा महादेव

येलदरीहून जिंतूरला जाताना माझी जीप तिसऱ्यांदा थांबली, तेव्हा महादेव खरंच आहे का, अशी शंका मला आयुष्यात पहिल्यांदा आली. मागच्या सीटवर आई होती. दम्याने तिचा श्वास आत जात नव्हता, ओठ निळे पडू लागले होते. रुग्णवाहिका बोलवू, असं बायको म्हणाली होती. पण दारात स्वतःची जीप असताना दुसऱ्याची गाडी कशाला, ही माझी मिजास.

जीप डिझेलची, माझ्या लग्नाहून जुनी, आणि चढ लागला की तापणारी. मी रेडिएटर साफ करून घेतला, पंखा बदलला, आणि मेकॅनिकच्या जोडीला देवालाही कामाला लावलं. रेडिएटरपुढच्या जाळीएवढ्या पत्र्यावर महादेव रंगवून घेतला आणि तो थेट त्या जाळीवर तारेने आवळला. मोठ्या भक्ताची गाडी लांबूनच ओळखू यावी, हाही हेतू होताच. त्यानंतर गाडी जास्तच तापू लागली. ती तापली की मी नवस बोलायचो, आणि प्रत्येक नवसाला पत्र्यावर आणखी एक हार चढायचा. आपलीच भक्ती कमी पडते, असं मी समजत होतो.

त्या दुपारी घाईत गरम झाकण उघडलं. वाफेने मनगट भाजलं आणि रेडिएटरमधलं पाणीही उसळून गेलं. इंजिन जरा निवल्यावर कॅनमधलं शेवटचं पाणी ओतलं. पण पुढचा चढ पार होणार नाही, हे मला दिसत होतं.

आईला पदराने वारा घालत बायको म्हणाली, “आता आनखी एक हार घाला.”

लिंबाखाली एक म्हातारी वाहनाची वाट बघत उभी होती. डोक्यावर येलदरीच्या मासळीची पाटी, पाटीतून बर्फाचं पाणी गळत होतं. तिने आत आईकडे पाहिलं, मग जीपच्या समोर येऊन महादेवाला हात जोडले आणि माझ्याकडे वळली.

“देवाला आसं उन्हात बांधून ठेवलंय व्हय रे बाबा?”

“मावशी, गाडी गरम झालीय.”

“देवच तापलाय, मंग गाडी कशी थंड ऱ्हाईल? माय सावलीत आन् देव उन्हात. काढ त्याला.”

एरवी मासळीचा हात देवाला लागणार म्हणून मी चार शब्द सुनावले असते. आम्ही लिंगायत, मासळी न शिवणारे; घरात लहानथोर सगळ्यांच्या गळ्यात लिंग. पण त्या वेळी वाद घालायची ताकदच नव्हती. तिने आणि मी मिळून तारा सोडल्या, हार उतरवले, महादेव आत सावलीला ठेवला आणि तिलाही गाडीत घेतलं. “माझ्या पाटीचा वास येतोय, मी कोपऱ्यात बसते,” ती म्हणाली. आईला बोलता येत नव्हतं. तिने शेजारची जागा हाताने थोपटली.

चढ लागला. तापमानाचा काटा मध्यावर आला आणि तिथेच थांबला. जाळीतून आता वारा जात होता, एवढं मलाही कळलं. वाऱ्याच्या वाटेत देवाला मीच बांधलं होतं आणि गाडी तापते म्हणून साकडंही त्यालाच घालत होतो. त्या बाईला इंजिनातलं काही ठाऊक नव्हतं, तिला फक्त देवाची दया आली. ती नेमकी त्या वळणावर का उभी होती, याचं उत्तर मात्र मला इंजिनात सापडत नाही.

बाजाराच्या तोंडाशी ती उतरली आणि गर्दीत मिसळली. मी नावही विचारलं नाही. दवाखान्यात ऑक्सिजन लागला. संध्याकाळी आई पहिल्यांदा बोलली, “त्या बाईचा हात लय गार होता रे. पाठीवर होता तवर मला भ्या वाटलं न्हाई.”

शरण जायचं म्हणजे देवाला घट्ट धरून ठेवायचं, असं मी समजत आलो होतो. त्या संध्याकाळी त्याच्याकडे काहीच मागावंसं वाटलं नाही. आईची छाती सावकाश वरखाली होत होती, आणि तेवढं बघत मी हात जोडून बसून राहिलो.