ब्रेकच्या स्क्रूत कुंकू

मी मोटारसायकलच्या ब्रेकच्या स्क्रूत कुंकू भरलं. चुकून सांडलं असतं तर मी स्वतःला माफ केलं असतं. पण नाही. ओलं बोट कुंकवात घोळवून प्रत्येक स्क्रूच्या खाचेत चांगलं दाबून भरलं, तेही दर खंडेनवमीला. वरवंडला माहेरी आई विहिरीवरच्या इंजिनाच्या जोडांवर नुसतं बोट टेकवायची. मला तेवढ्यानं समाधान कुठलं! तेव्हा नातवंडं व्हायची होती माझी. पदर खोचून गाडीला ओवाळणारी ती शहाणी बाई, म्हणजे मीच, आठवली की आजही तिच्या हातातलं ताट हिसकावून घ्यावंसं वाटतं.

गाडी मुलाची. तो नोकरीला दौंडला, खोली करून राहायचा. घरी गाडी चालवायची सून. ती नुकतीच रांजणगावला एका कंपनीत लागली होती, ठेकेदाराच्या हाताखाली. एक खाडा झाला की तिच्या जागी दुसरी बाई उभी. कंपनीची बस आमच्या वस्तीकडं फिरकत नव्हती.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ती सासऱ्यांना म्हणाली, "मामा, पुढचा ब्रेक दाबला की पार मुठीला टेकतोय. तेल टाकाया लागंल." तेलाची बाटली तिनं शिरूरहून आणलीसुद्धा होती. हँडलवर त्या तेलाची छोटी डबी असते, झाकणाला दोन स्क्रू. एक निघाला. दुसऱ्याच्या खाचेत माझं कुंकू सिमेंटसारखं बसलेलं, खाली गंज. आमच्या मालकांनी खाच साफ न करताच स्क्रूड्रायव्हर घुसवला आणि जोर लावला. स्क्रूड्रायव्हर गरगर फिरला, खाच गुळगुळीत झाली, स्क्रू जागच्या जागी.

"ऱ्हाऊ दे, बघू उद्या," म्हणून हे उठले.

उद्या म्हणजे खंडेनवमी! सकाळी विळे, कुऱ्हाड, हातोडी, छिन्नी, पाने सगळं धुऊन पाटावर, वर झेंडू. आता दसऱ्याला पूजा उतरेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. सुनेची दुपारपाळी. ती डबा भरून गाडीपाशी उभी.

मी शिरूरच्या गॅरेजवाल्याला फोन लावला.

"काकू, पाने पूजेत हायती. परवा या."

"आन् फोन कसा उचललास? त्यो न्हाई का मांडला पूजेत?"

"मांडलाय की. चार्जिंगला लावूनच मांडलाय."

फोन आपटावासा वाटला, पण तो माझा होता.

हे ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. अडकित्ता हत्यारात धरत नाहीत वाटतं! म्हणाले, "आज न्हाई गेली तर काय आभाळ कोसळतंय? सणाचा दिस हाय."

"गाईला आज वैरण कशी घातली? विळा तर पाटावर हाय."

"कालच कापून ठिवली. मुकं जनावर उपाशी ठेवायचं व्हय?"

इथं माझं डोकं फिरलं. गाईची आठवण काल झाली. सुनेला ट्रकांच्या रस्त्यानं बिनब्रेकचं जायचंय, ते मात्र उद्यावर! तिनं तोंड उघडून सांगितलं होतं, गाईनं तर तेही नव्हतं केलं. मी बोलले. बरंच बोलले. लग्नापासूनचं सगळं काढलं. सून मधूनमधून घड्याळाकडं बघत होती, पण रागात आलेल्या माणसाला दुसऱ्याचं घड्याळ दिसत नाही.

शेवटी मी पाटापाशी गेले, झेंडू बाजूला केले आणि हातोडी, छिन्नी उचलली.

"अगं, वरीसभर हाताला यश यायचं न्हाई!"

"मग रांधून घाला वरीसभर."

शिलाई मशीनचा स्क्रू अडला की मी करते तेच केलं. सुईनं कुंकू कोरून काढलं. सुईच्या टोकावर लाल भुगा यायला लागला तसा ह्यांच्यावरचा निम्मा राग माझ्यावरच वळला, पण तो मी तोंडावर दाखवला नाही. मशीनचं तेल सोडलं. स्क्रूच्या डोक्यावर हातोडीचे हलके ठोके दिले, गंज सुटावा म्हणून. मग छिन्नीचं टोक डोक्याच्या कडेला तिरपं लावून डाव्या अंगाला ठोकत राहिले. एकदा छिन्नी घसरून माझं बोट सोललं. हे लगेच म्हणाले, "बघ." मी बघितलं, आणि पुढचा ठोका जास्त जोरात हाणला. स्क्रू कर्रकन फिरला.

सुनेनं तेल भरलं. डोकं फुटलेला तोच स्क्रू मी छिन्नीनं उलटा ठोकत आवळला. तिनं ब्रेक दाबून बघितला, कडक लागला. मला वाटलं, आता ही पाया पडेल. ती हँडलला डबा अडकवून, किक मारून गेली. उशीर झाला होता, आणि तो माझ्या भांडणानंच झाला होता.

दुसऱ्या दिवशी सोनं द्यायला वाकली तेव्हा मी विचारलं, "घेतलं का आत?"

"घेतलं, आत्या. गेटवर सुपरवायझरनी इचारलं, उशीर का? मी खरं त्येच सांगितलं, सासूनी ब्रेकच्या स्क्रूत कुंकू भरलं. वाटलं, आता घरी धाडतोय. त्यो म्हणला, 'जा आत,' आन् लगीच बायकोला फोन लावला, 'ताट खाली ठेव, माझ्या गाडीला बोट लावू नको.'"