काकूंनी अडवलेले रिपोर्ट

बाबांचं रक्त सकाळी तपासायला दिलं होतं. रिपोर्ट चारच्या आत माझ्या मेलवर येणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तो मेल पाठवणारा प्रोग्राम मीच लिहिलाय.

लिहिलाय म्हणजे, रिपोर्टवाल्या काकूंनी मानगुटीवर बसून लिहून घेतलाय. काकू त्या लॅबमध्ये बावीस वर्षं रिपोर्ट टाइप करतात. एकेक मेल हाताने पाठवून त्यांची बोटं आखडायची, म्हणून मालकांनी मला बोलावलं. मी ऐटीत म्हणालो, "काकू, आता तुम्ही नुसतं बघत बसायचं. तपासणी संपली की तुमचा कॉम्प्युटर आपोआप मेल पाठवेल."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"आणि ज्याचा रिपोर्ट वाईट आलाय, तो बिचारा तेव्हा बसमध्ये उभा असला तर?"

माझं डोकंच फिरलं. प्रोग्रामला बस कळत नाही, हे तीनदा सांगितलं. "नाही ना कळत? मग त्याने मला विचारावं की," म्हणाल्या. शेवटी मी हात टेकले. आता डॉक्टरांनी घालून दिलेल्या मर्यादेबाहेर आकडा गेला की मेल अडतो आणि पडद्यावर ते नाव लाल होतं. काकू आधी फोन करतात, मग स्वतः बटण दाबतात. मालक कुरकुरले, मीही पाठीमागे हसलो. फोनवर त्या काय बोलतात, ते ऐकायच्या भानगडीत मात्र कधी पडलो नाही.

चार वाजले. सव्वाचार झाले. मेल नाही. स्पॅम पाहिलं, इंटरनेट बंद करून चालू केलं. शेजाऱ्यांनी बाबांबरोबरच रक्त दिलं होतं, त्यांचा रिपोर्ट तीनलाच आला होता. माझा कोड चुकत नाही, अशी माझी घमेंड. त्या दिवशी तो चुकलेला असू दे, असं मी अगदी जिवाच्या आकांताने मागत होतो. समोर बाबा चष्मा कपाळावर चढवून शब्दकोडं सोडवत होते.

साडेचारला काकूंचा फोन आला.

"घरी आहेस ना? बाबा कुठेत?"

"समोरच आहेत."

"मग आतल्या खोलीत जा आणि बस. उभ्याने ऐकायचं नाही."

मी पलंगाच्या कडेला बसलो.

"आकडा बराच वाढलाय रे. कशामुळे, ते डॉक्टर सांगतील. उद्या नऊची वेळ घेतलीय मी. मीपण येतेय बरोबर. मेल पाठवू आता, की थोडं थांबू?"

मला रडू फुटलं. कसाबसा म्हणालो, "थांबा."

"थांबते. मला कसली घाई नाही."

त्यांनी फोन ठेवला नाही. पलीकडून त्यांच्या टेबलावरच्या पंख्याचा आवाज येत होता.

मग मी डोळे पुसले आणि म्हणालो, "काकू, पाठवा."