सुनंदाताईंची रेघ

सुनंदाताई गमरे रेघ ओढताना श्वास रोखून धरायच्या. टाक शाईत बुडवला की खोलीत कुणी बोलायचं नाही. हत्तीची पाठ सोंडेपासून शेपटीपर्यंत एका दमात उतरायची, मग त्या हुश्श करून माझ्याकडे बघायच्या. मुलांच्या गोष्टींची चित्रं काढण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली, सगळी घोडपदेवच्या चाळीतल्या एका खिडकीशी बसून.

मी करी रोडला राहते. त्यांची चित्रं स्कॅन करून कॉम्प्युटरवर रंगवायचं काम सहा वर्षं माझ्याकडे होतं. त्यांची काळी रेघ सगळ्यात वरच्या लेअरवर असायची. तिच्याखाली आभाळाचा एक लेअर, झाडांचा एक, कपड्यांचा एक. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसे. एकाचा रंग बदलला तरी दुसऱ्याला धक्का लागत नाही. ही व्यवस्था ताईंना फार पटली होती. म्हणायच्या, "वरचा मजला माझा, खालचे सगळे तुझे. न विचारता वर यायचं नाही."

मग त्यांचा हात कापू लागला. औषधांनी आधी फरक पडला, नंतर पडेनासा झाला. शेवटच्या पुस्तकाच्या वेळी डाव्या हाताने उजवं मनगट दाबून त्या चित्रं काढायच्या. एकेका चित्रापायी चार-चार कागद फाडायच्या. सून जेवायला बोलावून थकायची. एवढं करूनही रेघ जागोजाग थरथरलेलीच यायची. प्रकाशकांनी मला एकटीला फोन केला. रेघा नीट करून आठ दिवसांत द्या, नाहीतर चित्रं दुसऱ्याकडून करून घेतो, म्हणाले.

सांगावं तर ताई मोडतील, न सांगावं तर पुस्तक जाईल. शेवटी मी चोरी केली. त्यांच्या लेअरवर आणखी एक लेअर घेतला, त्यांच्या रेघा माझ्या हाताने गुळगुळीत गिरवल्या आणि त्यांचा लेअर बंद करून ठेवला.

पण पाठवायचं धाडस होईना. सातव्या दिवशी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेले, सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. दोन्ही लेअर आळीपाळीने चालू-बंद करायला लावले, कितीतरी वेळ. चित्रातली मुलगी विहिरीत डोकावत होती. माझ्या रेघेत ती नुसती वाकलेली होती, त्यांच्या रेघेत घाबरलेली. हे मला तेव्हा दिसलं. मी म्हटलं, तुमचीच पाठवते, होऊ दे काय व्हायचं ते.

"नको. पुस्तक यायला हवं," त्या म्हणाल्या. "तुझी पाठव. माझं नाव तेवढं काढ."

मी रडले, पाया पडले. त्या ऐकेनात.

पुस्तक आलं, त्यात चित्रकार म्हणून माझं नाव होतं. प्रत घेऊन गेले. ताईंनी सगळी पानं उलटली, विहिरीचं पाणी छान झालंय म्हणाल्या, आणि पुस्तक माझ्या हातात परत दिलं. घरी ठेवा ना, मी म्हटलं.

"कुणाचं म्हणून ठेवू गं?"

त्या खरंच विचारत होत्या. मी पुस्तक पिशवीत ठेवलं.

त्यानंतर त्यांनी काही काढलं नाही. चार महिन्यांनी त्या गेल्या. पुस्तक अजून छापलं जातं, माझ्या नावावर.