न शिवलेले खण

आशाबाईंच्या आचलला पहिला झटका आला तो तेल्हाऱ्यात, नवरात्राच्या आरतीत. पोरगी मंडपातच कोसळली. हातपाय ताठ, डोळे वर. शेजारच्या कुंदाबाई हात जोडून ओरडल्या, "देवी आली व माय!" बायांनी आचलच्या कपाळावर कुंकू भरलं, तोंडात तीर्थ सोडलं आणि ती उठून बसल्यावर तिची ओटी भरली.

अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासून मिरगी सांगितली, गोळ्या सुरू केल्या. आशाबाईंनी मात्र गावात चकार शब्द काढला नाही. मिरगीवाल्या पोरीला पुढे कोण विचारणार? त्यापेक्षा देवी बरी. गोळ्या देवघरात, कुंकवाच्या करंड्यामागे लपल्या; आचल त्या गुपचूप घ्यायची. कधी झटका आलाच, तर बाया पाया पडायच्या, खण-नारळ आणायच्या. नारळ आशाबाई देवळात देऊन यायच्या. खण पेटीत ठेवायच्या. एकाचीही चोळी त्यांनी शिवली नाही. देवीच्या नावावर आलेलं अंगाला लावायचं त्यांना भ्याव वाटे.

आचल बारावी चांगली पास झाली. अकोल्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नंबर लागला, पण हॉस्टेलचा खर्च तिच्या बापाच्या, जानरावांच्या आवाक्यातला नव्हता. मिरगी असलेल्या मुलांना कॉलेजसाठी शिष्यवृत्ती देणारी अमरावतीची एक संस्था डॉक्टरांना माहीत होती. अर्ज गेल्यावर तिथल्या देवश्री मॅडम घर पाहायला आल्या. आशाबाईंनी दार लोटून घेतलं होतं. पण दारात गाडी उभी दिसल्यावर कुंदाबाई थोड्याच राहतात? वाटीभर साखरेचं निमित्त करून आल्या आणि बसल्याच.

"फीट आली की शेजारचं कोण धावून येतं?" मॅडमनी विचारलं.

"फीट? कोणाले?" कुंदाबाई म्हणाल्या. "पोरीच्या अंगात देवी येते, मॅडम. मी सोता पाया पडतो."

मॅडम आशाबाईंकडे पाहू लागल्या. आचलही. आता गप्प बसलं तर पोरीचं कॉलेज गेलं, आणि बोललं तर उद्या अख्ख्या तेल्हाऱ्यात बोभाटा. आशाबाईंनी देवघराकडे एकदा पाहिलं. मग उठल्या, पेटी उघडली आणि खणांची चवड कुंदाबाईंपुढे ठेवली.

"घ्या, कुंदाबाई. देवी नाई येत. मिरगी हाये तिले. मले पयल्यापासून मालूम होतं."

कुंदाबाई एकेक खण उलटून पाहत राहिल्या. "हा हिरवा माहा. हा बी माहाच." मग एकदम म्हणाल्या, "म्हंजे इतके वर्ष मी मिरगीच्या पाया पडली? गुडघे दुखतेत माहे!"

आचलला हसू आवरेना. "काकू, आशीर्वाद त बराबर देत होती मी. तुमचा सोहम लागला ना पोलिसात?"

"गप, पोट्टे!" कुंदाबाई आशाबाईंकडे वळल्या. "काहून नाई सांगतलं व आशा? मी काय गावभर दवंडी देली असती?"

"देली असती."

कुंदाबाईंनी खणांची चवड सारखी करत मॅडमना विचारलं, "मंग झटका आला त करावं काय?"

"कुशीवर वळवायचं. डोक्याखाली काही मऊ द्यायचं. झटका लांबला तर दवाखान्यात न्यायचं. पण तोंडात काही घालायचं नाही. पाणीसुद्धा नाही, ठसका लागतो."

"अन् आमी तीर्थ सोडत होतो, बाप्पा!" कुंदाबाईंचा चेहरा उतरला.

आशाबाईंनी मान खाली घातली. दर वेळी त्या तिथेच उभ्या असायच्या.

कुंदाबाई खण काखेत मारून निघाल्या. दारात वळून मॅडमना म्हणाल्या, "कोण धावून येते म्हणे ना? माहं नाव लिवा."

शिष्यवृत्ती मिळाली. आशाबाई आचलला सोडायला अकोल्याला गेल्या. हॉस्टेलच्या खोलीत प्रणाली नावाची मूर्तिजापूरची मुलगी होती. आशाबाईंनी अजून पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती.

"पोरी, हिले मिरगी हाये," त्या म्हणाल्या. "झटका आला त भिऊ नको. कुशीवर वळवजो अन् हे डोक्याखाली देजो."

त्यांनी पिशवीतून उशी काढली. हिरव्या, जांभळ्या, लाल खणांची, घट्ट टाक्यांची.

"मस्त आहे, काकू! तुम्ही शिवली?"

"नाई व. शेजारणीनं," आशाबाई म्हणाल्या. "तिले समदं मालूम हाये."