करवंटीची भोकं

वैशाखातला शनिवार. नारळ खवून झाले आणि मी करवंट्या बंबात घालायला निघाले, तर संशोधन करणारी माझी मुलगी ओरडली, "आई, थांब! त्यांच्या कोळशात मला हायड्रोजन वायू साठवायचाय."

मी म्हटलं, "कोळशाला भोकंच भोकं. चाळणीत पाणी भरतेस का?"

"अगं, वायू भोकांच्या भिंतींना चिकटून बसतो. भोकं जितकी बारीक, तितक्या भिंती जास्त. फक्त कडाक्याची थंडी लागते."

तिचा आधीचा कोळसा फसलाय. हाही फसला तर विषय सोडावा लागेल.

भोक दिसलं की बुजवायचं, एवढंच मला ठाऊक. ही पोरगी भोकांवरच भिस्त ठेवते, याचं मला कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोपऱ्यावरच्या खानावळीतून पोतंभर करवंट्या मागून आणल्या.